‘ड्रायव्हर नऊचाच घ्या’ या मेसेजला उत्तर

आमच्या सकाळच्या गोल्फ ग्रुपवर महिनाभरात एकच मेसेज तीनदा आला. दर वेळी पाठवणारा वेगळा, मजकूर तोच, शेवटी तेच जोडलेले हात. मेसेज म्हणतो: ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) घ्यायचा तर नऊ डिग्रीचाच घ्या. लॉफ्ट (फेसचा, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा, मागे कललेला कोन) जितका कमी तितका बॉल लांब, कारण ताकद वर न जाता पुढे जाते. मोठे प्रो आठ-नऊचाच वापरतात. स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं) होत असेल तर लॉफ्ट कमी करा, बॉल हवेत कमी राहील आणि कमी वळेल. तरी शंका असेल तर स्विंगचा वेग मोजा आणि सोबतचा तक्ता पाहा. अ‍ॅडजस्टेबल असेल तर नऊचा घेऊन पाहिजे तेव्हा साडेदहाचा करता येतो. आणि शेवटी हसणाऱ्या चेहऱ्यासकट: बारा डिग्री म्हणजे लेडीज आणि पेन्शनर लोकांचा ड्रायव्हर.

दोनदा सोडून दिलं. तिसऱ्यांदा आमच्यातल्या एका काकांनी या मेसेजच्या भरवशावर नवाकोरा नऊचा मागवला आणि पहिल्याच दिवशी अठरा होलमध्ये चार बॉल झुडपांना वाहिले. मग म्हटलं, आता लिहावंच.

पहिला मुद्दा ताकदीचा. यात चिमूटभर खरं आहे. लॉफ्ट कमी केला की फटका बॉलवर जास्त थेट बसतो आणि बॉलचा वेग थोडा वाढतो. पण किती? बाराचा नऊ केला तर ताशी एखाद-दोन मैल. या दोन मैलांसाठी काय गमावतो ते मेसेजवाला सांगत नाही.

गोल्फचा बॉल फेकलेल्या दगडासारखा जात नाही. तो उलटा फिरत जातो (हाच बॅकस्पिन), त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूने हवा वेगवेगळी वाहते आणि बॉलला वर उचलून धरते. एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९०च्या दशकात हे गणिताने दाखवलं: चांगल्या ड्राइव्हचं अंतर फक्त वेगातून येत नाही, बॅकस्पिनने मिळणाऱ्या उचलीतून येतं. (त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ साली ब्रिटिश अ‍ॅमेच्युअर ही हौशी गोल्फरांची स्पर्धा जिंकला. घरातच प्रयोगशाळा होती म्हणायची.) शाळेत आपण शिकलो की ४५ डिग्रीला वस्तू सगळ्यात लांब जाते. ते हवा नाही असं धरून. हवा आणि स्पिन आले की ड्रायव्हरसाठी तो कोन दहा ते सोळाच्या मध्ये कुठेतरी येतो, आणि बॉलचा वेग जितका कमी तितका तो वर सरकतो. हळू बॉलला उचल कमी मिळते, म्हणून त्याला सुरुवातीलाच जास्त उंची आणि थोडा जास्त स्पिन लागतो. आपल्यातल्या बहुतेकांचा वेग कमी, म्हणजे आपल्याला लॉफ्ट जास्त हवा. मेसेज नेमका उलटा आहे.

इथे कोणी म्हणेल, बॉल खाली पडला तरी लोळत जातो ना! एप्रिल-मेमध्ये जातो, मान्य. तेव्हा आपले फेअरवे (होलकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) नागपूरच्या वर्धा रोडइतके कडक होतात आणि गुडघ्याएवढ्या उंचीने गेलेला बॉलही तीस-चाळीस यार्ड धावतो. त्या दोन महिन्यांत नऊचा ड्रायव्हर फार हुशार वाटतो. जुलैत या. काळी माती भिजली की बॉल जिथे पडला तिथेच रुतून बसतो. नियम १६.३ प्रमाणे फुकट रिलीफ मिळतो (दंडाशिवाय बॉल उचलून जवळ टाकता येतो), पण गेलेलं अंतर नियमाने मिळत नाही. पावसाळ्यात जे काही आहे ते कॅरी, म्हणजे बॉल हवेतून कापतो ते अंतर.

आणि उन्हाळ्यातली आणखी एक गंमत. जानेवारीच्या सकाळी आपल्याकडे दहा डिग्री तापमान असतं, मेच्या दुपारी पंचेचाळीस. एवढ्या फरकात हवेची घनता साधारण दहा-अकरा टक्क्यांनी उतरते. बॉलला अडथळा कमी होतो, म्हणून तो थोडा लांब जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण उचलही त्याच हवेतून येते, तीही तेवढीच कमी होते. मुळातच खाली निघालेला बॉल उन्हाळ्यात हवेत आणखी लवकर दम सोडतो. फक्त जमीन कडक असते म्हणून ते झाकलं जातं.

दुसरा मुद्दा, प्रो वापरतात. वापरतात, खरं आहे. पुरुषांच्या पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) क्लबचा सरासरी वेग ताशी ११३ ते ११५ मैल आहे आणि कॅरी २७५-२८० यार्ड. आपल्यासारख्या हौशी माणसाचा वेग नव्वदच्या आगेमागे. एवढा वेग असणारे प्रो शोधायचे तर एलपीजीए टूरवर, म्हणजे बायकांच्या टूरवर बघा. तिथला सरासरी वेग ताशी ९४ ते ९६ मैल, आणि कॅरी २२०च्या आसपास. आपल्या ग्रुपात २२० कॅरी करणारे किती, हात वर करा. त्या हे कसं करतात? बॉलवर सुमारे तीन डिग्री वर जाताना मारतात आणि बॉल तेरा डिग्रीने सोडतात. पुरुष प्रो उलट एखाद डिग्री खाली येतानाच मारतात आणि बॉल अकराने निघतो. वेग भरपूर असल्यामुळे त्यांचं भागतं, आपलं भागत नाही. ‘लेडीज ड्रायव्हर’ म्हणून हसणाऱ्याने आपला वेग कोणाच्या बरोबरीचा आहे ते एकदा पाहावं.

बाराचा मुद्दा इथेच निकाली निघाला, त्यावर वेगळं काही लिहीत नाही.

आता स्लाइस. हा सगळ्यात घातक सल्ला आहे, कारण ज्याला मदत हवी त्यालाच तो खड्ड्यात घालतो. बॉल उजवीकडे वळतो तो ‘हवेत जास्त राहिला’ म्हणून नव्हे. क्लबचा फेस स्विंगच्या वाटेपेक्षा उघडा असतो, त्यामुळे बॉल ज्या आसाभोवती फिरतो तो आस कलतो. किती कलतो हे दोन गोष्टींवर ठरतं. एक, फेस वाटेपेक्षा किती उघडा. दुसरी, फटक्याच्या क्षणी फेसचा खरा लॉफ्ट आणि क्लब येण्याची दिशा यांच्यातला कोन, ज्याला स्पिन लॉफ्ट म्हणतात. समजा फेस तीन डिग्री उघडा आहे आणि फटका मधोमध बसला. स्पिन लॉफ्ट पंधरा असेल तर आस अकरा डिग्रीच्या आसपास कलतो. स्पिन लॉफ्ट दहावर आणला तर तोच कल जवळजवळ सतरा. चूक तेवढीच, बॉल जास्त वळला. वेजने (भरपूर लॉफ्टचा, जवळच्या फटक्याचा क्लब) कोणाचा बॉल पलीकडच्या फेअरवेवर जात नाही आणि ड्रायव्हरने जातो, त्यातलं मोठं कारण हेच. बॅकस्पिन भरपूर असला की तिरक्या फिरकीचं फार चालत नाही.

म्हणजे स्लाइसवाल्याने लॉफ्ट वाढवायचा. त्याने स्लाइस बरा होत नाही, फेस उघडा आहे तो उघडाच राहतो. पण झुडपातला बॉल रफमध्ये (वाढलेल्या गवतात) येतो, आणि रफमधून दुसरा फटका तरी मारता येतो.

अ‍ॅडजस्टेबलचा मुद्दा याला लागूनच. शाफ्ट, म्हणजे दांडा, जिथे बसतो त्या हॉझलची स्लीव्ह फिरवली की लॉफ्ट बदलतो, बरोबर. पण एकटा लॉफ्ट बदलत नाही. क्लब जमिनीवर टेकवला की लॉफ्ट वाढवलेला फेस थोडा डावीकडे बंद बसतो आणि कमी केलेला उजवीकडे उघडा. (उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं सांगतोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) म्हणून नऊचा वाढवून साडेदहा केलेला क्लब आणि मुळातला साडेदहाचा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्लाइसवाल्याने मेसेज ऐकून साडेदहाचा नऊ केला तर स्पिन लॉफ्ट घटला तो घटला, वर फेसही उघडला. दुहेरी मार. आणि ‘पाहिजे तेव्हा’ म्हणजे सातव्या होलवर वारा सुटला म्हणून पाना काढायचा, असं चालत नाही. राउंड सुरू असताना मुद्दाम सेटिंग बदलून तो क्लब मारला तर नियम ४.१चा भंग होतो.

राहिला तक्ता: वेग ९५च्या वर असेल तर नऊ, ८५ ते ९५ असेल तर साडेदहा, त्याखाली बारा. मेसेजमधली त्यातल्या त्यात शहाणी गोष्ट ही, पण तीही अर्धवट. एकाच वेगाचे दोघे घ्या, ताशी नव्वदचे. एक जण चार डिग्री खाली येताना मारतो आणि त्याचा फेस फटक्याच्या क्षणी दहावर असतो. दुसरा चार डिग्री वर जाताना मारतो आणि त्याचा फेस पंधरावर. बॉल किती वर निघणार यात ड्रायव्हरच्या बाबतीत साधारण ८५ टक्के वाटा फेसचा आणि १५ टक्के दिशेचा असतो. हिशेब केला तर पहिल्याचा बॉल आठ डिग्रीने निघतो, दुसऱ्याचा तेरापेक्षा थोडा जास्त. वर पहिल्याचा स्पिन लॉफ्ट चौदा, दुसऱ्याचा अकरा, म्हणजे पहिल्याचा बॉल खाली निघून वर स्पिनही जास्त घेतो. तक्ता दोघांच्याही हातात साडेदहाचाच देतो. शिवाय सोलवर (क्लबच्या तळावर) छापलेला आकडा आणि खरा लॉफ्ट यांत डिग्रीभर इकडे-तिकडे असणं नवीन नाही.

पहिल्याने मग काय करायचं? लगेच बाराचा घेतला तर बॉल वर निघेल, पण स्पिनही वाढेल. आधी बॉल पुढे सरकवायचा, डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, आणि टी (बॉल ठेवायची खुंटी) उंच करायची, अर्धा बॉल हेडच्या वर दिसेल इतकी. मग लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) दहा बॉल मारायचे आणि वेगाच्या आकड्याने खूश न होता निघण्याचा कोन, स्पिन आणि क्लब वर जातोय की खाली येतोय, हे पाहायचं. लॉफ्ट त्यानंतर ठरवायचा.

काकांचं आम्ही जवळजवळ असंच केलं, फक्त मॉनिटर नव्हता. संध्याकाळी रेंजवर (सरावाच्या मैदानावर) गेलो, खिशात व्हाइटबोर्डचा काळा मार्कर. प्रत्येक बॉलच्या मागे मोठा ठिपका काढायचा आणि तो फेसकडे करून टीवर ठेवायचा. फटका बसला की ठिपका फेसवर उमटतो. पहिल्या सहा बॉलचे सहा ठिपके एका जागी गोळा झाले, फेसच्या मध्यापासून बोटभर खाली आणि क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला. काका टी इतकी खोल रोवत होते की बॉल जवळजवळ गवतावरच. विचारलं तर म्हणाले, नऊच्या क्लबला बॉल खालीच ठेवायचा ना! फेसच्या खालच्या भागाला गोलाई असते, तिथे लॉफ्ट आणखी कमी होतो, आणि तिथून लागलेला बॉल स्पिन मात्र जास्त घेतो. खाली निघतो, हवेत घासत राहतो आणि पडतो. काकांचे सहाही बॉल दीडशे यार्डांच्या पाटीच्या अलीकडे.

फेस ओल्या फडक्याने पुसला. टी उंच केली, बॉल पुढे घेतला. ठिपके वर सरकले, मध्याच्या जरासे वरच. मग शेजारी खेळणाऱ्या एका काकूंकडून त्यांचा बाराचा मागून घेतला. शाफ्ट काकांना हलका होता, पहिले दोन डावीकडे गेले. तिसरा बसला. आवाजच वेगळा. बॉल वर चढला, थांबल्यासारखा वाटला आणि पाटीच्या बराच पुढे जाऊन पडला. काका डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाले, “अबे, हा तर उडूनच राहिला!”

नऊचा परत गेला नाही, डबा फोडला होता म्हणून दुकानदाराने घेतला नाही. काकांनी तो पुतण्याला दिला आणि स्वतःसाठी जुना बाराचा शोधला. सोलवरचा १२ काळ्या मार्करने रंगवून टाकलाय. पहिल्या होलवर पोट्टे हसतात म्हणे.

नऊचा कोणालाच लागत नाही असं मी म्हणत नाही. आमच्यात एक बावीस वर्षांचा मुलगा आहे, वेग ताशी ११२ मैल, बॉलवर चार डिग्री वर जाताना मारतो आणि फटका रोज मधोमध बसतो. त्याला साडेदहाचा दिला तर बॉल फुग्यासारखा वर जाऊन वाऱ्यात थांबतो. नऊचा त्याच्यासाठी अगदी बरोबर आहे. तो मेसेज ग्रुपवर पहिल्यांदा त्यानेच टाकला होता.