दहावी आहे म्हणून खो-खो बंद? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

खेळातून उद्योगातलं नेतृत्व घडतं, या माझ्या लेखावर तुम्ही स्पष्ट आक्षेप घेतलेत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: लेखातल्या सर्वेक्षणातून काहीच सिद्ध होत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत जे कारखानदार उभे राहिले ते वडिलांचा प्लॉट, बँकेचं कर्ज आणि ओळखीपाळखी यांच्या जोरावर. मैदानावर दिसणाऱ्या बहुतेक मुलांच्या हाती पुढे काही लागत नाही, तेव्हा पालकांना भुलवू नका. आणि शेवटी, मुलगी खो-खो खेळते, पण यंदा दहावी म्हणून तिचा सराव तुम्ही बंद करणार आहात. ते शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सर्वेक्षणाबद्दल तुमचा तर्क बरोबर आहे. 2014 सालच्या त्या पाहणीत कंपन्यांतल्या 400 महिला अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले होते आणि सर्वोच्च पदांवरच्या 94 टक्के जणी कधी ना कधी खेळलेल्या निघाल्या. पण ज्या घरात मुलीला खेळायला पाठवतात, त्याच घरात तिला चांगलं शिक्षणही मिळतं. आकडा दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढंच सांगतो. म्हणून तो बाजूला ठेवू आणि खेळात नेमकं घडतं काय, ते बघू. तुमच्या मुलीचाच खेळ घेऊ.

खो-खोत आठ जणी मधल्या रांगेत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी पाठलाग करते. टोकाच्या खांबापर्यंत पोचल्याशिवाय तिला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. समोरची मुलगी हाताच्या अंतरावर असते, आणखी दोन पावलं पळालो तर गडी आपल्याच नावावर बाद होणार असं वाटत असतं, आणि तेवढ्यात ती वळून पलीकडे जाते. तिथे हावरटपणा केला की डाव गेला. त्या क्षणी आपण थांबायचं आणि जिचं तोंड योग्य बाजूला आहे तिला खो द्यायचा. बसलेलीनेही तोपर्यंत उठायचं नाही, पण उठायच्या तयारीतच बसायचं. हे सगळं काही सेकंदांत होतं, आणि निर्णय चुकला की सगळ्यांसमोर लगेच कळतं.

आता अंबडच्या एखाद्या जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या, शेडमध्ये जाऊन बघा. कोटेशन मालकच करतो, मटेरियल आणायला तोच जातो, चलनावर सही त्याचीच, मशीन बंद पडलं तरी तोच धावतो. पाच कामगारांवर हे भागतं. पंचवीस झाले की डिस्पॅच रखडायला लागतात, कारण काम हातावेगळं करून दुसऱ्याला द्यायची त्याला सवयच नसते. माणसं हुशार असतात, भांडवलही असतं, आणि तरी धंदा तिथेच अडकतो. ही सवय व्याख्यानातून लागत नाही. शेकडो वेळा, थकलेलं असताना, स्वतःच्या नावाचा गडी सोडून देऊन ती अंगात मुरते.

दुसरं उदाहरण आपल्या नाशिकचंच. 2020 मध्ये पहिल्या ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिम्पियाडला भारताचा कर्णधार होता विदित गुजराथी. संघात 12 जण, पण एका लढतीत पट फक्त 6: खुल्या गटाचे 2, महिलांचे 2, आणि वीस वर्षांखालील एक मुलगा, एक मुलगी. खुल्या गटात विश्वनाथन आनंद, हरिकृष्ण आणि स्वतः विदितही. म्हणजे प्रत्येक लढतीआधी कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं हे ठरवताना समोर पाच वेळचा जगज्जेता होता आणि स्वतःची जागाही होती. घरच्या धंद्यात काकांना ‘हे काम आता तुम्ही बघू नका’ असं सांगताना आपल्याकडे भल्याभल्यांची जीभ अडखळते. तो अवघडपणा विदितने पंचविशीत पेलला. अंतिम लढतीत निहाल सरीन आणि चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचं इंटरनेट तुटलं, भारताने दाद मागितली, आणि शेवटी रशियासोबत संयुक्त सुवर्णपदक मिळालं.

तुम्ही कविता राऊत यांचंही नाव घेतलंत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या या धावपटू मुलीने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या यशाला उद्योगाचा धडा चिकटवणं मला पटत नाही. लांब पल्ल्याच्या धावण्यातून चिकाटी येते, पण माणसं सांभाळणं ही वेगळी विद्या आहे. सगळे खेळ एकच गोष्ट शिकवत नाहीत.

भांडवलाचा मुद्दा मान्य. खो-खो खेळून प्लॉट मिळत नाही. पण मिळालेला प्लॉट राखता न आलेलेही तुमच्या माझ्या ओळखीत आहेत.

राहिला हाती काही न लागण्याचा प्रश्न. पदक मोजलं तर खरंच फार थोड्यांना मिळतं. मी बोलतोय ती सवय राखीव खेळाडूलाही लागू शकते, मात्र एका अटीवर: मैदानावरचे निर्णय मुलांनी स्वतः घ्यायला हवेत. आणि त्याबाबत माझी तक्रार तुमच्यापेक्षा मोठी आहे. पुष्कळ ठिकाणी प्रशिक्षक कडेला उभे राहून प्रत्येक खो ओरडून सांगतात. संघ तेच निवडतात, हरल्यावर रागावतात तेच. अशा मैदानावर मुलं फक्त सांगितलेलं ऐकायला शिकतात.

म्हणून माझी विनंती अशी की सराव बंद करण्याआधी एकदा तिच्या प्रशिक्षकांना भेटा. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत आठवड्याचे तीन दिवस, संध्याकाळचा एक तास चालेल का, ते विचारा. सरावाच्या सामन्यात कर्णधारपद आळीपाळीने देता का, आणि हरल्यावर पाच मिनिटं मुलींनाच आपसात बोलू देता का, हेही विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर दुसरं मैदान शोधायला मी तुमच्यासोबत येईन.