गुलाबी लोशन आणि 'कसलीही खाज'

सध्या एक संदेश या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: खाज कसलीही असो, गुलाबी कॅलामाइन लोशन लावा. ते औषध नाही, त्यामुळे अपाय शून्य. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत कुणालाही चालतं. दिवसातून कितीही वेळा जाड थर द्या. उतार पडला नाही, तर त्यात खाजेचं क्रीम आणि चिमूटभर कापूर मिसळा. डॉक्टरकडे जायचं कारणच उरणार नाही.

कॅलामाइन बऱ्यापैकी निर्धोक आहे, इतकं यात खरं आहे. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाने बाकीची विधानं खपून जातात.

आधी 'कसलीही खाज' घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कॅलामाइन म्हणजे झिंक ऑक्साइडची किंवा झिंक कार्बोनेटची बारीक पूड, त्यात थोडंसं फेरिक ऑक्साइड, म्हणजे लोहाचं संयुग. गुलाबी रंग त्या लोहाचा. खाजेशी रंगाचा काही संबंध नाही. ब्रिटिश औषधसंहितेतल्या लोशनमध्ये 15 टक्के कॅलामाइन आणि 5 टक्के झिंक ऑक्साइड असतं, अमेरिकन संहितेत दोन्ही 8-8 टक्के. पूड तळाशी लगेच बसू नये म्हणून बेंटोनाइट ही माती घालतात, आणि थोडं ग्लिसरीन. बाकी बहुतेक पाणीच. लावल्यावर पाणी उडतं, त्वचा गार पडते आणि खाजेची जाणीव बोथट होते. मागे राहिलेली पूड त्वचेतून पाझरणारी लस शोषून घेते. म्हणजे हे लोशन थंड करतं आणि कोरडं करतं. खाजेचं मूळ ते काढत नाही.

म्हणूनच ओलसर, दाहाच्या खाजेवर ते छान चालतं: डास-किड्यांचे चावे, घामोळ्या, अंगाला खाजरी वनस्पती लागून उठलेलं पाझरतं पुरळ, कांजिण्यांचे न फुटलेले फोड. कांजिण्यांत लोशनइतकंच महत्त्व नखं कापण्याला आहे. मुलांना या आजारात ॲस्पिरिन द्यायचं नाही, हेही इथेच सांगितलेलं बरं.

कोरड्या खाजेचं गणित उलटं. थंडीत फुटलेली पोटरी, उतारवयातली पातळ त्वचा, कोरडं इसब: इथे खाज सुटते तीच ओलावा कमी झाल्यामुळे. त्यावर शोषून घेणारी पूड फासली तर तासभर गार वाटतं, मग त्वचा ताणते, भेगा वाढतात आणि खाज दुप्पट होते. माणूस पुन्हा लोशन लावतो. हे चक्र कित्येक दिवस चालतं आणि दोष 'हट्टी खाजे'ला दिला जातो. अशा त्वचेला बिनवासाचं स्निग्ध मलम लागतं, तेही भरपूर. अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागू शकतं. छोटी ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्याला गुण का येत नाही, ते यावरून कळावं. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ करायची, अंग चोळायचं नाही, टिपायचं, आणि त्वचा ओलसर असतानाच, शक्यतो तीन मिनिटांच्या आत, केसांच्या दिशेने मलम लावायचं. पॅराफिन असलेलं मलम कपड्यांत मुरलं की कपडे पटकन पेट घेतात, म्हणून विस्तवापासून आणि विडी-सिगारेटपासून दूर राहायचं.

तिसरा गट म्हणजे लोशनने दबणारी पण न जाणारी खाज. खरजेत ती रात्री चढते, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर जास्त असते, आणि बहुधा घरातल्या आणखी कुणाला तरी सुटलेली असते. तिथे त्वचेतला किडा मारावा लागतो: 5 टक्के पर्मेथ्रिन हे किडा मारणारं मलम मानेखाली सर्वांगाला, नखांखालीसुद्धा, 8 ते 14 तास, साधारण आठवड्याने पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, खाज नसली तरी. लहान बाळ आणि गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरला विचारून. अंथरुण-कपडे गरम पाण्यात धुवायचे. धुता येत नसतील ते निदान 3 दिवस पिशवीत बंद ठेवायचे. उपचारानंतरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते. त्या काळात कॅलामाइन जरूर लावा, तिथे त्याला काम आहे.

गजकर्णाला बुरशी मारणारं मलम हवं, उदाहरणार्थ 1 टक्का क्लोट्रिमाझोल, दिवसातून दोनदा, डागाच्या कडेबाहेर 2 सेंटिमीटरपर्यंत. डाग दिसेनासा झाला तरी आणखी एक-दोन आठवडे लावत राहायचं. बहुतेकांचं चुकतं ते इथे. अंगावर गांधी उठल्या असतील तर त्या आतून येतात. लोशनने गार वाटेल, पण गुण पोटात घ्यायच्या ॲलर्जीच्या गोळीनेच.

'औषध नाही, अपाय शून्य' हे विधान बाटलीची मागची बाजू न वाचता केलेलं आहे. गुलाबी दिसणाऱ्या सगळ्या बाटल्यांत एकच द्रव्य नसतं. काहींत प्रॅमॉक्सिन हे बधिर करणारं द्रव्य असतं, काहींत डायफेनहायड्रामिन हे ॲलर्जीवरचं औषध, काहींत फिनॉल हे जंतुनाशक किंवा सुवास. डायफेनहायड्रामिन त्वचेवर लावल्याने कधी कधी त्याचीच ॲलर्जी होते, म्हणजे खाजेवरच्या उपायानेच खाज. त्याहून गंभीर बाब मुलांची आहे. कांजिण्या आलेल्या मुलाच्या अंगभर डायफेनहायड्रामिनचं लोशन फासलं आणि वर तेच द्रव्य असलेलं सिरपही पाजलं, तर शरीरात मात्रा वाढून मूल भ्रमिष्टासारखं वागू शकतं. फोड फुटलेल्या त्वचेतून शोषण आणखी वाढतं. म्हणून घटकांची यादी वाचायची. साध्या कॅलामाइनमध्ये कॅलामाइन, झिंक ऑक्साइड, ग्लिसरीन अशी दोन-चार नावं असतील. त्यापुढे अनोळखी नाव दिसलं तर ते काय आहे हे औषधविक्रेत्याला विचारायचं. नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागी, दिवसातून दोनदा अशी काही दिवस लावून पाहायची.

जाड थराने तर काहीच साधत नाही. गारवा पाणी उडण्यातून येतो, आणि पातळ थरातलं पाणी लवकर उडतं. जाड थर वाळला की त्याची पापडी होते, ती ओढली गेली की खालची त्वचा सोलवटते. पाझरत्या जागी पापडीखाली लस कोंडते. बाटली जोरात हलवायची, नाहीतर वरवरचं पाणी लागेल आणि शेवटी तळाशी चिखल उरेल. कापसाचा बोळा भिजवून टिपत टिपत लावायचं, चोळायचं नाही. वापरलेला बोळा परत बाटलीच्या तोंडाला लावायचा नाही. पाचेक मिनिटं वाळू द्यायचं, मगच कपडे घालायचे, डाग पडतात. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. पुढचा थर देण्याआधी जुनी पूड कोमट पाण्याने भिजवून अलगद काढायची. डोळे, ओठांच्या आतली बाजू, गुप्तांगाची नाजूक त्वचा आणि उघडी जखम इथे लावायचं नाही.

संदेशातला सर्वांत घातक भाग म्हणजे 'क्रीम आणि कापूर मिसळा'. घरात पडलेलं 'खाजेचं क्रीम' बहुधा स्टिरॉइडचं निघतं, आणि कधी कधी फार तीव्र. गजकर्णावर स्टिरॉइड लावलं की लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. डाग पसरतो, त्याची नेहमीची गोल कड पुसली जाते आणि पुढे अनुभवी डॉक्टरलाही तो चटकन ओळखता येत नाही. चेहऱ्यावर आणि जांघेत तीव्र स्टिरॉइड लावत राहिल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड चाव्यासारख्या छोट्या जागी चालतं: पातळ थर, दिवसातून एक-दोनदा, फार तर 7 दिवस, आणि दोन वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरच्या सांगण्याशिवाय नाही. प्रमाणासाठी सोपी खूण: तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी ट्यूबमधली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ते लोशनमध्ये कालवायचं नाही. मात्रा बिघडते आणि पूड क्रीमला त्वचेपर्यंत पोचू देत नाही. आधी क्रीम, अर्ध्या तासाने लोशन.

कापराबद्दल म्हणाल तर खाजेवरच्या तयार मलमांत तो साधारण 3 टक्क्यांच्या आत मोजून घातलेला असतो. घरची चिमूट कुणी मोजलेली नसते. पाण्यात तो नीट विरघळत नाही, त्यामुळे एखादा खडा त्वचेवर तसाच राहतो आणि भाजल्यासारखं होतं. तान्ह्या मुलाने असं लोशन लावलेला हात चाटला तर परिणाम याहून वाईट: कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना फार थोड्या मात्रेनेही झटके येऊ शकतात. कापूर नाही, एवढंच पुरे.

राहिला डॉक्टर. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, श्वास अडकू लागला तर लोशन शोधत बसायचं नाही, थेट तातडीची मदत. पुरळाबरोबर ताप, पू, पसरत जाणारी लाली, डोळ्याजवळचे फोड, गरोदर बाईला, नवजात बाळाला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला कांजिण्या: त्याच दिवशी दाखवायचं. अंगावर काहीच न दिसता सर्वांगाला खाज दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि रक्तातलं लोह तपासावं लागतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना पुरळाशिवाय खाज सुटली, विशेषतः रात्री, तर ती यकृतातल्या पित्ताच्या अडथळ्याची असू शकते आणि त्यात गर्भालाही धोका असतो.

दाखवायला जाताना त्या दिवशी काही लावू नका. गुलाबी पुडीखालचं पुरळ ओळखता येत नाही. आजवर जे जे लावलं त्या सगळ्या बाटल्या आणि ट्यूब मात्र बरोबर न्या, संपलेल्यासुद्धा.