‘बस-मेट्रोनं तेल वाचत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या धायरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, दोन दिवसांनी माहेरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, मग ऑफिसातल्या मैत्रिणीनंही तोच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘भारताला तेल बाहेरून आणावं लागतं हे खरं, पण बस आणि मेट्रोवर पैसे ओतून ते कमी होणार नाही. तेल ट्रक पितात. सामान्य माणसाची टू-व्हीलर लिटरला चाळीस-पन्नास देते, तिच्याइतकं काटकसरी वाहन नाही. पीएमपी (पुणे-पिंपरीची बससेवा) कायम तोट्यात. पुणेकर गाडी सोडणार नाही. आणि इलेक्ट्रिक गाड्या आल्याच आहेत, प्रश्न आपोआप सुटेल.’

काका, तुम्ही हा मेसेज काळजीपोटीच पाठवलात हे मला माहीत आहे. काळजी करण्यासारखीच गोष्ट आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण आयात करतो. कुठेतरी दूर युद्ध पेटतं आणि आपल्या घरातलं महिन्याचं गणित बिघडतं. म्हणूनच या मेसेजला नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून पुढे जावंसं वाटलं नाही. त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देते.

‘तेल ट्रक पितात’

हे अर्धं खरं आहे. आपल्याकडे डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे, आणि त्यात ट्रकचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण तो किती? पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन आणि विश्लेषण कक्षानं नील्सन या सर्वेक्षण संस्थेकडून देशभरातल्या पंपांवर पाहणी करून घेतली होती. तिचे आकडे २०१४ च्या जानेवारीत जाहीर झाले. त्यात डिझेलमधला ट्रकचा वाटा सुमारे २८ टक्के निघाला. खासगी मोटारी, जीप आणि टॅक्सी मिळून २२ टक्के. शेती १३ टक्के. आणि देशातल्या सगळ्या बस, म्हणजे एसटीपासून शाळेच्या बसपर्यंत, मिळून १० टक्क्यांच्याही आत.

पेट्रोलचं चित्र तर आणखी स्पष्ट आहे. जवळजवळ सगळं पेट्रोल वाहतुकीत जळतं, आणि त्यातलं सुमारे ६१ टक्के दुचाकींमध्ये, ३४ टक्के मोटारींमध्ये. म्हणजे पेट्रोलपुरतं बोलायचं तर ट्रकचा संबंधच येत नाही. ते तुमच्या-माझ्या टाकीत जातं. पाहणी जुनी आहे, पण तिच्यानंतर पुण्यातल्या दुचाकी आणि मोटारी कमी झाल्या, असं कुणी म्हणणार नाही. २०१८ मध्येच शहरातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती.

‘टू-व्हीलर सगळ्यात काटकसरी’

मेसेजमधला सर्वांत पटणारा मुद्दा हा आहे, म्हणून इथे जरा थांबते. मोटारीशी तुलना केली तर दुचाकी खरंच काटकसरी आहे. शहरात लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या मोटारीत एकटाच माणूस बसला, तर एका लिटरात एक माणूस १२ किलोमीटर जातो. दुचाकीवर तोच माणूस ४० किलोमीटर जातो. दुचाकीवाल्याला तेलाचा गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं आहे, आणि मी ते करणार नाही. मी स्वतः सात वर्षं धायरी ते शिवाजीनगर स्कूटरवरच जात होते.

पण आता बस धरा. शहरातली डिझेलची बस लिटरला चारच किलोमीटर जाते असं समजू. तिच्यात ४० माणसं असली, तर एका लिटरात मिळून १६० किलोमीटरांचा प्रवास झाला. दुचाकीच्या चौपट. बसमध्ये दहाच माणसं असतील तर मात्र दोघी बरोबरीत येतात. म्हणजे बस तेल वाचवते की नाही, हे ती किती भरलेली आहे त्यावर ठरतं. सकाळी नऊ वाजता सिंहगड रस्त्यावरून स्वारगेटकडे जाणाऱ्या बसमध्ये दहा माणसं असतात का, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. दाराच्या पायरीवर उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब.

शिवाय पीएमपीच्या ताफ्यात आता डिझेलच्या नव्हे, तर मुख्यतः सीएनजी आणि विजेच्या बस आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत पुण्यात पहिल्या इलेक्ट्रिक बस आल्या आणि भेकराईनगरला त्यांचं आगार झालं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: सीएनजी म्हणजे आयातीतून सुटका नव्हे. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी साधारण निम्मा बाहेरून येतो. त्यामुळे खरी बचत विजेच्या बसमधून होणार आहे.

ती किती, याचा एक हिशेब मांडते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, कुणीही आपले घालून पाहावेत. पुणे-पिंपरीतल्या फक्त १ लाख दुचाकीस्वारांनी रोजचा जाऊन-येऊन २४ किलोमीटरचा प्रवास बसनं केला असं धरू. लिटरला ४० किलोमीटर धरले तर दिवसाला ६० हजार लिटर पेट्रोल वाचतं. वर्षातले ३०० दिवस धरले तर १ कोटी ८० लाख लिटर. पेट्रोल शंभरी ओलांडून गेलेलं आहे, म्हणजे याच कुटुंबांच्या खिशातले वर्षाला १८० कोटींहून जास्त रुपये. आणि त्यासाठी बस किती लागतील? एका बसमध्ये सरासरी ३० माणसं आणि दिवसाला २०० किलोमीटर धावणं धरलं, तर ४००. पुण्यासारख्या शहराला ४०० बस म्हणजे अशक्य आकडा नाही.

‘पीएमपी तोट्यात आहे’

आहे. ती तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ४० टक्के अशी भरून काढतात, हेही खरं. पण मग रस्त्यांचं काय? विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो ना? मोटारींसाठी बांधला, पंधरा वर्षंही टिकू दिला नाही, आणि २०२० मध्ये मेट्रोच्या आड येतो म्हणून पाडला. तो खर्च कुणी ‘तोटा’ या रकान्यात लिहिला नाही. उड्डाणपुलावरून जाणाऱ्या मोटारीकडून कुणी तिकीट घेत नाही, म्हणून त्याचा तोटा दिसत नाही. बसमध्ये वाहक तिकीट फाडतो, म्हणून तिचा दिसतो.

तोटा कमी करायला भाडं वाढवणं हा तर उलटा उपाय आहे. २०२५ च्या १ जूनपासून पीएमपीचा दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७० झाला आणि महिन्याचा ९०० वरून १,५००. वरच्या हिशेबातला दुचाकीस्वार महिन्यात २५ दिवस जात असेल तर त्याला १५ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे साधारण १,५०० ते १,६०० रुपये. पास आणि पेट्रोल एका पातळीवर आले, की माणूस घराच्या दारातून निघणारी गाडीच निवडणार. तेल वाचवायचं असेल तर पास पेट्रोलच्या निम्म्यानं असायला हवा. त्यासाठी लागणारा पैसा मी तोटा मानत नाही.

‘पुणेकर गाडी सोडणार नाही’

या वाक्याचा मला खरंच राग येतो. पुणेकराच्या स्वभावावर ठपका ठेवला, की कुणालाच काही करावं लागत नाही.

हेच शहर एके काळी सायकलींचं शहर म्हणून देशात ओळखलं जायचं. माझे सासरे कसब्यातून खडकीला सायकलनं जायचे, आणि त्यांच्या कामाच्या ठिकाणच्या शेडमध्ये लावायला जागा मिळत नसे इतक्या सायकली असायच्या. त्या माणसांना स्वतःच्या मोटारीचं वेड नव्हतं. शहर पसरत गेलं. धायरी, वाघोली, रावेत, उंड्री इथे इमारती आधी उभ्या राहिल्या आणि बस नंतर आल्या, त्याही मोजक्या. ज्याला ताबा मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, त्यानं दुचाकी घेतली. त्याच्यासमोर दुसरा मार्गच नव्हता.

केंद्राच्या नगरविकास खात्याचा निकष आहे: चांगल्या सेवेसाठी दर हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला ६०. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख लोक होते. त्या जुन्या संख्येलाही २,९०० बस लागतात. पीएमपीचा ताफा सुमारे २,००० च्या आसपास घुटमळतो, आणि त्यातल्या सगळ्या रोज मार्गावर नसतात. दरम्यान लोकसंख्या कुठल्या कुठे गेली. आधी पुरेशा बस द्या, मग पुणेकराची परीक्षा घ्या.

आणि जेव्हा बस दिल्या, तेव्हा लोक बसलेच. २०१२ च्या १ नोव्हेंबरला पुण्यात ‘बस डे’ झाला. त्या दिवशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बस रस्त्यावर होत्या, आणि एरवी कधीही बसची पायरी न चढलेली माणसं गाडी घरी ठेवून निघाली. एका दिवसाचा प्रयोग होता, दुसऱ्या दिवशी जादा बस गेल्या आणि माणसंही परत गाडीवर. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीनं महिलांना निम्मं तिकीट केलं, तेव्हा स्वारगेटला काय गर्दी उसळली ते आपण पाहिलं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाला. मंडईत खरेदीला गाडी न घेता जाता येतं, हे माझ्या आईला वयाच्या सत्तरीत पहिल्यांदा कळलं. आता ती दर रविवारी मेट्रोनं जाते.

बससाठी वेगळी मार्गिका करण्यात तर पुणं देशात पहिलं होतं. २००६ च्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली. घाईत, अर्धवट बांधलेली, थांबे नीट नसलेली. लोक ओलांडताना घाबरत, दुचाकी आत घुसत. दोष काढायला जागा होती. पण ते दूर करण्याऐवजी आपण मार्गिकाच सोडून दिली. नगर रस्त्यावर तर २०२३ मध्ये ती उखडायला सुरुवात झाली. बसमधली ४० माणसं आणि मोटारीतला एक माणूस एकाच रांगेत अडकले, की बसचा जो वेळेचा फायदा असू शकला असता, तोही जातो. माझ्या मते पुण्यानं वाहतुकीत केलेली ही सर्वांत मोठी चूक.

‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या की प्रश्न सुटेल’

तेलाचा काही भाग सुटेल, नक्की. पण नळस्टॉपला सिग्नलवर उभी असलेली इलेक्ट्रिक मोटार पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा घेते. तिच्या मागे अडकलेल्या पेट्रोलच्या गाड्या जागेवर उभ्या राहून तेल जाळतच राहतात. बॅटरीसाठी लागणारं लिथियमही आपल्याला बाहेरूनच आणावं लागतं. एका इलेक्ट्रिक बसच्या बॅटरीवर दिवसभरात शेकडो माणसं जातात, तर मोटारीची बॅटरी बावीस तास पार्किंगमध्ये असते. बॅटऱ्या मोजक्याच मिळणार असतील तर त्या आधी बसला मिळाव्यात.

वीज कोळशाची आहे, असंही कुणीतरी खाली लिहिलं होतं. प्रदूषणाच्या दृष्टीनं तो आक्षेप योग्य आहे. पण बोलणं आयात तेलाचं चाललं आहे, आणि आपला बहुतेक कोळसा देशातला आहे.

विजेवरची सार्वजनिक वाहतूक ही आपल्यासाठी नवी, परकी कल्पनाही नाही. डेक्कन क्वीन १९३० च्या १ जूनला सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर, बोरघाटासकट. १९४८ च्या १ जूनला एसटीची पहिली बस पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर, या मार्गावर धावली. आणि २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ धावली. मुंबईला जाणारा पुणेकर आजही आधी रेल्वेचं तिकीट मिळतंय का ते बघतो, आणि ते मिळालं नाही तरच द्रुतगती मार्गाचा विचार करतो. कारण तिथे चांगली रेल्वे आहे.

नाशिकला ती नाही. पुणे-नाशिक थेट लोहमार्ग आजही अस्तित्वात नाही. रेल्वेनं जायचं तर कल्याणला वळसा. सुमारे २३५ किलोमीटरचा नवा मार्ग आखला गेला, तो नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला बाधा येईल म्हणून अडला आणि आखणी बदलायचं ठरलं. दुर्बीण महत्त्वाची आहेच, तिला धक्का लागू नये. पण तोवर राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेरची सगळी माणसं आणि चाकणचा सगळा माल एकाच रस्त्यावर आहे. चाकणच्या चौकात तासभर सुरू राहिलेली इंजिनं, मेसेजमधल्या त्या ट्रकसकट, जे डिझेल जाळतात, ते वाचवण्याचा उपाय रेल्वे हाच आहे.

काका, मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्याखाली एवढं जोडा. आपल्या नगरसेवकाला तीन गोष्टी विचारायच्या: आपल्या थांब्यावर सकाळी आठ ते अकरा दर किती मिनिटांनी बस येणार, महिन्याचा पास पुन्हा ९०० वर कधी येणार, आणि सिंहगड रस्त्यावर बसला स्वतःची मार्गिका मिळणार की नाही. मी आमच्याकडच्यांना पत्र लिहिलंय. सोसायटीतल्या ४३ जणांनी सह्या केल्यात, त्यातले बहुतेक रोज दुचाकीवर जाणारे आहेत.