लाल देवळात आधार

मिरजेची आत्या आली आणि म्हणाली, "बाळ्या, मला पुण्याचा कॅम्प दाखव. पण चालत हं." वय बहात्तर, गुडघ्याला पट्टा. तीस वर्षं कॅम्पात जाऊन मला तिथली गाडी लावायची जागा तेवढी माहीत आहे, हे सांगायचं राहून गेलं. त्यात पायात नव्या कोल्हापुरी.

क्वार्टर गेटपाशी रिक्षा सोडली. सिटी चर्चसमोर मी रात्रीचं पाठांतर म्हणून दाखवलं. "१७९२ सालचं. फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली."

"पेशव्यांनी?" आत्याने पदर सावरला. "आणि आमच्या सोसायटीत मांजर पाळू देत नाहीत!"

नाना पेठेतल्या अग्यारीत पारशांखेरीज कुणाला जाता येत नाही, म्हणून बाहेरूनच नमस्कार. एव्हाना डाव्या अंगठ्याशी चपलेने आपलं काम सुरू केलं होतं. कॅम्पात पोचेपर्यंत मी बगळ्यासारखा चालत होतो आणि आत्या दहा पावलं पुढे.

"ओहेल डेव्हिड सिनेगॉग कुठे?" मी पानवाल्याला विचारलं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लाल देऊळ म्हणा की! समोरच तर आहे."

समोर लाल विटांचा उंच मनोरा, वर घड्याळ. इतकी वर्षं मी त्याला चर्च समजत होतो. ज्यूंचं हे प्रार्थनास्थळ १८६७ सालचं, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं. त्यांची कबरही आवारातच आहे.

"ससून माणूस होता?" आत्या थबकली. "मला वाटायचं, मोठ्या सरकारी दवाखान्याला इंग्रजीत ससून म्हणतात."

देऊळ म्हटल्यावर तिने फाटकाबाहेरच चपला काढल्या. मीही काढल्या, पण भक्तीने नव्हे. पहारेकऱ्याने हात आडवा केला. "आधार कार्ड?"

कार्ड घरी, देव्हाऱ्याच्या खणात. आत्या म्हणाली, "देवाकडे आधार मागायला आलो, तर हाच आमच्याकडे मागतोय!" पहारेकरी हसला, हात मात्र तसाच.

निदान बिस्किटं न्यावीत म्हणून बेकरी गाठली. दुपारची बंद. दुपारी दुकान बंद ठेवायचे म्हणून चितळ्यांना उगाच नावं ठेवतात लोक. शेवटी इराण्याकडे बनमस्का खाल्ला, मी टेबलाखाली अंगठ्याला कागदी रुमाल गुंडाळला.

रात्री मी पाय कोमट पाण्यात सोडून बसलो होतो. आत्या देव्हाऱ्याचा खण उपसत होती.

"रास्ता पेठेतही ज्यूंचं एक देऊळ आहे म्हणे. तुझंही आधार काढून ठेव."