खुनी आधीच कळला तरी
एका लेखात म्हटलंय की खुनी कोण हे आधीच कळलं की रहस्यकथेतली मजा जाते, मला हे अजिबात पटलं नाही. आमच्या वाचन गटाने नुकतीच पॅट्रिशिया हायस्मिथची 'द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली' वाचली, १९५५ ची कादंबरी, त्यात नायक टॉम रिप्ली त्याच्या श्रीमंत मित्राला, डिकीला, बोटीत वल्ह्याने मारतो ते आपल्या डोळ्यांदेखत आणि तरी पुढे धाकधूक होते ती हा पकडला जाऊ नये म्हणून! दोघीजणी तर चिडल्याच, असल्या माणसाची बाजू आपण घेतोच कशी. मला वाटतं लेखिका त्याच्या डोक्यातून आपल्याला बाहेरच पडू देत नाही ना, म्हणून होतं ते. डिकीचे कपडे घालून तो आरशासमोर उभा राहतो तो खुनाआधीचा प्रसंग परत वाचा, मला खुनापेक्षा तिथे जास्त भीती वाटली.