रस्ता पाठ शे

घरातलं कोणतं माणूस आता गाडी चालवण्याच्या कामाचं राहिलेलं नाही, हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. आधी फाटकाचा खांब बघा. त्याला नानांच्या गाडीचा रंग लागलेला असतो आणि गाडीला खांबाचा चुना. नानांना विचारलंत तर म्हणतील, "खांबच मधमा उना."

मग इंडिकेटर. एरंडोलला वळताना लावलेला पाळधी आली तरी टिकटिकतोय. मागचा केळीचा ट्रक हॉर्न देऊन देऊन थकलाय, आणि नाना म्हणतायत, "आजकालना पोरेस्ले दम शे का?"

पण पक्की खूण वेगळीच. सूनबाई नातवाला नानांबरोबर शाळेत पाठवत नाही. "राहू द्या नाना, रिक्षा लावलीय." महिन्याचे पैसे मोजते, पण कारण सांगत नाही. एवढं झालं की समजा, निदान झालं. आपलं पोर रिक्षात बसलं. रस्त्यावर बाकी पोरं असतात ती दुसऱ्यांची.

ओळखलंत ना? आता गप्प बसा. वडिलांच्या हातातली किल्ली काढून घेणं म्हणजे डोक्यावरची टोपी उतरवणं, आणि भाऊबंदकीत असल्या गोष्टी तेराव्यापर्यंत निघतात.

सरकारही तुमच्यासारखंच मर्यादाशील आहे. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये आपल्या तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचं. फिट येते का, रातांधळेपणा आहे का, दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट दिसते का. २५ मीटर म्हणजे आपल्या ओट्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत. गिरणीवर कोण उभंय हे नानांना त्याने हाक मारल्यावर कळतं, पण फॉर्मवर 'हो' लिहायला चष्मा कशाला? चाळिशीनंतर फॉर्म १-अ वर डॉक्टरची सही लागते. ती नाना आणतात. डॉक्टर ओळखीचे, बीपीच्या आधी वांग्यांचा भाव विचारणारे. पंचावन्न उलटली की लायसन्स पाच-पाच वर्षांचं मिळतं. तेवढ्यात केळीची बरीच पिकं निघतात. मोतीबिंदूला तर तेवढा वेळही लागत नाही.

त्यावर ऑपरेशन आहे, आणि ते झालं तर नाना कदाचित बिनघोर गाडी चालवतील. म्हणूनच घाई नको. आखाजी होऊ द्या. मग पोळा. मग दिवाळीत पाहुणे. डायबेटिसच्या गोळीनंतर भर दुपारी त्यांना घाम फुटून चक्कर येते, त्याचंही तेव्हाच बघू.

एक गोष्ट मात्र लपवून ठेवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १६ वं कलम आहे. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे एखादा माणूस गाडी चालवायला लायक नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर आरटीओ केव्हाही त्याच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतं, लायसन्स रद्दही करू शकतं. सूनबाईच्या कानावर हे जाता कामा नये. तिचं अक्षर चांगलं आहे. एका कोऱ्या कागदावर एमएच १९ पासून सगळा नंबर लिहील, खांब कोणत्या तारखेला ठोकला, बकरी कोणत्या तारखेला, गोळी घेतल्यावर काय होतं, सगळं. वर अर्जाची पोच घेऊन येईल. मग नानांसमोर जेवायला बसायचं कुणी?

त्यापेक्षा निनावी चिठ्ठी बरी. तारीख नको, गाडीनंबर नको, 'एक वृद्ध चालक' एवढंच. कर्तव्य केल्याचं समाधान तुमचं, आणि चौकशी कुणाची करायची हा प्रश्न साहेबांचा.

आता भरताचा हंगाम आलाय. मळ्यात काट्या पेटतील, वांगी भाजली जातील, कळण्याची भाकरी होईल आणि उठता उठता रात्रीचे अकरा वाजतील. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याचा नानांच्या डोळ्यांत फुलबाजा होतो, हे पंगतीतल्या सगळ्यांना माहीत असतं. नाना किल्ली फिरवत म्हणतील, "चाल, बस गाडीमा. माले रस्ता पाठ शे."

नाही म्हणू नका, राग येईल. पोटात गुबारा धरलाय म्हणा आणि पोराला घेऊन भाच्याच्या गाडीत बसा. नानांना पुढे जाऊ द्या. मागे राहून हात तेवढा हलवा, आरशात दिसेल न दिसेल.