पाइप धरून उभं राहिलं म्हणजे पाणी घातलं असं नाही

आमच्या बाबांचा संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला, पाइप हातात घ्यायचा, अंगठा तोंडावर दाबायचा आणि सगळ्या अंगणावर फवारा. पानं चकचकीत होतात, गार वारा येतो, मातीचा वास सुटतो, बघणाऱ्यालाही बरं वाटतं. गेल्या रविवारी मी आगाऊपणा केला. दहा लिटरची बादली पाइपखाली ठेवून मोबाइलवर टाइम लावला. ३५ सेकंदात भरली! म्हणजे मिनिटाला साधारण १७ लिटर, आणि बाबा रोज २० मिनिटं तरी पाणी घालतात, म्हणजे ३४० लिटर. चौतीस बादल्या. ह्या चौतीस बादल्या उचलून घालायच्या असत्या तर आमच्या घरात कुणी घातल्या असत्या का, तुम्हीच सांगा.

बरं एवढं घालून झाडाला किती मिळालं? खुरपं घेऊन जास्वंदीच्या बुडाशी उकरलं तर वरची दोन बोटं माती ओली आणि खाली ठणठणीत कोरडी. पाणी गेलं पानांवर, फरशीवर, वाटेवर, आणि वर राहिलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जाणार. माझं मत असं झालंय की आपण पाणी झाडाला कमी आणि स्वतःच्या समाधानाला जास्त घालतो. रोज थोडं थोडं शिंपडायची सवय तर त्याहून वाईट, कारण मुळं पाणी असेल तिथेच राहतात, वरच ओलावा मिळाला तर खाली कशाला जातील, आणि मग एक दिवस आपण गावाला गेलो की झाड लगेच मान टाकतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, पण सावकाश आणि खोलवर मुरेल असं घाला. आणि आळं खोडाला चिकटून करू नका, पाणी ओढणारी बारीक मुळं बरीचशी फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात.

दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाइप काढणारे पण खूप आहेत (मी त्यातलाच होतो). कडक उन्हात पानातून पाणी उडतं तेवढ्या वेगाने मुळांना वर ओढता येत नाही म्हणून पानं लवतात, माती ओली असली तरी. संध्याकाळी परत ताठ होतात. सकाळी उठल्यावरही लवलेलीच असतील तर मग खरंच तहान आहे. नाहीतर सरळ बोट खुपसून बघा ना मातीत, त्याला कुठलं ॲप लागत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पाचोळ्याने. इतकी वर्षं आम्ही झाडून गोळा करायचो आणि फेकून द्यायचो, आणि वरून उघड्या मातीवर पाणी ओतायचो!! आता तोच पाचोळा आळ्यात चार बोटं जाड पसरलाय, फक्त खोडापासून थोडा लांब, नाहीतर बुंधा कुजतो. ऊन थेट मातीवर पडत नाही, वारा लागत नाही, तिसऱ्या दिवशी बाजूला करून बघितलं तर खाली ओल होती. फुकटात.

एक जुनी आयडिया पण करून बघितली, साधं भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि भरून ठेवायचं. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढते, ओली असली की झिरपणं आपोआप मंदावतं. चीनमध्ये २००० वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय म्हणे आणि आपण टायमरवाले व्हॉल्व्ह शोधत बसलोय. रंगवलेलं किंवा चकाकी दिलेलं मडकं नको, ते पाझरत नाही. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास.

घरातलं पाणी वापरा म्हणणारे मेसेज फिरतात त्यावर थोडं. एसीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र रोज कुंडीत ओतू नका, त्यात क्षार जास्त असतात, साठत जाऊन मातीवर पांढरा थर येतो, त्यापेक्षा त्याने फरशी पुसा. साबणाचं पाणी साठवून ठेवू नका, वास मारतं, आणि कच्च्या खायच्या पालेभाजीला तर अजिबात नको.

हां, आणि गळका नळ. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. आमचा नळ महिनाभर गळत होता आणि आम्ही झाडांच्या पाण्यावरून भांडत होतो. वॉशर बदलायला दहा मिनिटं लागली.

बाबांना हे सगळं पटलं असं नाही. पण त्यांनी झारी घेतलीय आता, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. पाच फेऱ्या होतात, गुडघे बोलायला लागतात, त्यामुळे कोपऱ्यातल्या दोन झाडांपर्यंत मी ठिबकची नळी टाकतोय. टायमर लावू का विचारलं तर नको म्हणाले, कॉक मीच फिरवणार.